मेणातली शाळा

इटलीत बोलोन्या नावाचं एक जुनं शहर आहे. तिथल्या पलाझ्झो पोज्जी या संग्रहालयात काचेच्या पेटीत एक बाई बसलेली आहे. बाई मेणाची आहे. अंगावर लेस लावलेला उंची पोशाख, दागिने, नीट विंचरून बांधलेले केस. प्रथमदर्शनी वाटावं, कुणी सरदार घराण्यातली सून लग्नाला निघाली आहे. पण नजर जरा खाली गेली की आपण दचकतो. तिच्यापुढे माणसाचं डोकं आहे. कवटी वरून उघडलेली आहे आणि आतला मेंदू दिसतो आहे. हातांची ठेवण अशी की एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात चिमटा. चेहऱ्यावर मात्र किळस नाही, भीती नाही, आणि मी बघा कशी धीट असा आवही नाही. पोळी लाटताना आपला चेहरा असतो ना, कामात असलेला, तसा.

हा पुतळा जिचा आहे, तिनेच तो घडवला. तिचं नाव अ‍ॅना मोरांडी मॅन्झोलिनी. अठराव्या शतकात युरोपभर तिचं नाव झालं होतं. राजेरजवाडे, विद्वान, प्रवासी तिचं काम पाहायला बोलोन्याला येत. आपल्याकडे तिचं नाव फारसं कुणी घेत नाही. तिच्यावर थोडंफार वाचलं, फोटो पाहिले, आणि मैत्रिणींनो, ही बाई डोक्यातून जाईचना. म्हणून आज तिच्याबद्दल.

अ‍ॅनाचा जन्म १७१४ सालचा. आपल्याकडे बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद तेव्हा नुकतंच मिळालं होतं. बोलोन्या तेव्हा पोपच्या राज्यात होतं. तिथलं विद्यापीठ युरोपातल्या सर्वांत जुन्यांपैकी. त्याची सुरुवात १०८८ सालची मानतात. अशा गावात वाढलेली मुलगी, पण विद्यापीठाचं दार बायकांना बंद. अपवाद म्हणून एखादीला ते उघडलं जाई. तीन वर्षांनी मोठी असलेली लॉरा बासी १७३२ मध्ये तिथे पदवी मिळवून पदार्थविज्ञानाची शिक्षिका झाली, तेव्हा अख्ख्या शहराने तिची मिरवणूक काढावी तसा सोहळा केला होता. पण लॉराला घरी शिकवायला विद्वान मिळाले होते. अ‍ॅनाच्या वाट्याला ते नव्हतं. ती चित्रकला शिकली, मूर्तिकाम शिकली आणि त्याच वर्तुळातल्या जिओव्हानी मॅन्झोलिनी या कलावंताशी तिचं लग्न झालं.

आता त्या काळी शरीररचनाशास्त्र, म्हणजे डॉक्टर मुलं पहिल्या वर्षी शिकतात ती अ‍ॅनाटॉमी, कशी शिकवत ते सांगते. नाहीतर अ‍ॅनाने काय वेगळं केलं ते कळायचं नाही.

बोलोन्या विद्यापीठात लाकडी कोरीवकामाचं एक सुंदर सभागृह होतं. मधोमध संगमरवरी टेबल, त्यावर प्रेत. चारी बाजूंना चढत्या पायऱ्यांवर बसलेली माणसं. वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, कार्निव्हलच्या सणात हे जाहीर शवविच्छेदन व्हायचं. थंडीतच का, तर प्रेत टिकायला हवं. फॉर्मॅलिन वगैरे यायला अजून शंभराहून जास्त वर्षं होती. सणासुदीचे मुखवटे घातलेले लोकसुद्धा बघायला येत. प्राध्यापक लॅटिनमध्ये बोलणार, दुसरे विद्वान लॅटिनमध्येच हरकती घेणार, वाद रंगणार. प्रेत बहुधा फाशी दिलेल्या गुन्हेगाराचं. मागच्या पायरीवरच्या विद्यार्थ्याला त्यातलं किती दिसत असेल आणि किती समजत असेल, हा प्रश्नच आहे. मला तर ते शिक्षणापेक्षा मानपानाचं कार्यच जास्त वाटतं.

हे बदलायला हवं असं वाटणारा एक मोठा माणूस बोलोन्यात होता. प्रोस्पेरो लांबर्तिनी, तिथला आर्चबिशप. पुढे १७४० मध्ये तो पोप झाला, चौदावा बेनेडिक्ट. धर्मगुरू म्हटला की विज्ञानाच्या आड येणारा, असं आपल्याला वाटतं. हा तसा नव्हता. शवविच्छेदनाला त्याने पाठिंबा दिला. १७४२ मध्ये त्याने बोलोन्याच्या विज्ञानसंस्थेसाठी मेणाच्या शरीररचनेच्या मूर्ती करायचं काम एर्कोले लेली या शिल्पकाराला दिलं. लेलीच्या हाताखाली मदतनीस म्हणून आला अ‍ॅनाचा नवरा, जिओव्हानी.

काही वर्षांतच दोघांचं बिनसलं. राबायचं आपण आणि नाव व्हायचं लेलीचं, ही जिओव्हानीची तक्रार. ती खरी असावी असंच दिसतं. त्याने काम सोडलं आणि घरीच स्वतःची कार्यशाळा थाटली. पण मनाने तो खचला होता. उदास बसून राही. घरात लहान मुलं, आणि कर्ता पुरुष हात गाळून बसलेला. हे चित्र आपल्यापैकी कितीजणींच्या ओळखीचं असेल!

अ‍ॅनाने काय करावं? तिने नवऱ्याची सुरी हातात घेतली. त्याच्याकडून आणि पुस्तकांतून शरीररचना शिकायला लागली. सुरुवातीला तिला प्रेताची फार किळस यायची, भीती वाटायची. ती तिने नेटाने घालवली. बाळंतपणं चालू, लहानग्यांचे मृत्यू चालू. तिला झालेल्या मुलांपैकी मोठी होईपर्यंत जगली ती दोनच. त्या सगळ्यात ही बाई शहरातल्या इस्पितळांतून आलेली प्रेतं घरी उघडत होती. पुढच्या आयुष्यात तिने अशी शेकडो प्रेतं हाताळली.

ही प्रेतं कुणाची? गोरगरिबांची. ज्यांना न्यायला कुणी आलं नाही त्यांची. आज आपल्याकडे देहदानाचे अर्ज माणसं स्वतःहून भरतात, घरचे लोक सही करतात. त्या काळच्या माणसाला कुणी विचारलंही नव्हतं. अ‍ॅनाचं कौतुक करताना हे विसरू नये असं मला वाटतं. विज्ञानाने त्यांचं देणं कधी फेडलं नाही.

मेणाचं काम कसं चाले तेही बघण्यासारखं आहे. आधी प्रेत उघडायचं, जो अवयव हवा तो मोकळा करायचा. त्यावर प्लास्टर ओतून साचा काढायचा. मग मेण वितळवायचं. त्यात राळ मिसळायची, रंग घालायचे. स्नायूचा लाल वेगळा, चरबीचा पिवळसर वेगळा, आतड्याचा करडा वेगळा. साच्यातून निघालेल्या तुकड्यावर बारीक हत्याराने रेघा काढायच्या. रक्तवाहिन्या आणि नसा करायला सुताचे धागे मेणात बुडवून लावायचे. कधी खरी हाडं वापरून त्यावर मेणाचे स्नायू चढवायचे. आणि हे सगळं घाईत, कारण नमुना कुजतो आहे. एका देहावर काम पुरं होत नसे. एकाच अवयवासाठी दुसरा, तिसरा देह उघडावा लागे.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. या घरात शाळा भरायला लागली. नवरा-बायको दोघांनी आपल्या मेणाच्या नमुन्यांवर अ‍ॅनाटॉमी शिकवायला सुरुवात केली. वैद्यकाचे विद्यार्थी यायचे. शस्त्रक्रिया करणारे सर्जन यायचे. त्यांना त्या काळी वैद्यांपेक्षा कमी मान असे, लॅटिनही सगळ्यांना येत नसे. परदेशी प्रवासी यायचे, त्यांत बायकाही असायच्या. विद्यापीठाच्या सभागृहात प्रेत वर्षाकाठी काही दिवस दिसे, इथे नमुने बारा महिने. उग्र वास नाही, गर्दी नाही. न कळलेलं पुन्हा बघायला उद्या या, परवा या. जवळून बघा, विचारा.

आणि भाषा! अ‍ॅनाची स्वतःच्या हाताने लिहिलेली एक वही आजही आहे. अडीचशे पानांची. कुठल्या फळीवर कुठला नमुना आहे, त्यातला कुठला भाग काय काम करतो, सगळं क्रमवार. वही लॅटिनमध्ये नाही, इटालियनमध्ये आहे, म्हणजे तिच्या बोलीच्या जवळच्या भाषेत. पूर्वीच्या नामवंत वैद्यांनी काय लिहिलं हे ती सांगते, आणि मला मात्र असं दिसलं म्हणून स्वतःचंही सांगते.

तिची शिकवायची रीत नमुन्यांतूनच कळते. मोठमोठे अख्खे देह उभे करून लोकांना थक्क करायचं, ही लेलीची पद्धत. अ‍ॅना एकेक अवयव घेई. डोळा घेतला तर एका फळीवर नुसता डोळा, पापण्यांसकट, जसा आपल्याला आरशात दिसतो तसा. मग पापणी काढलेला. मग भोवतीचे स्नायू. मग स्नायू बाजूला केल्यावरची बुबुळाची गोटी. बघणारा ओळखीच्या गोष्टीपासून सुरू करून पायरी पायरीने अनोळखी गोष्टीपर्यंत पोचतो. कान, नाक, जीभ, त्वचा, सगळ्या ज्ञानेंद्रियांवर तिने अशा मालिका केल्या.

स्पर्शासाठी तिने केलेले हात मला सगळ्यात आवडतात. एका नमुन्यातले हात मऊ उशीवर अलगद टेकलेले आहेत, बोटं सैल, सुखावलेली. दुसऱ्यातले काट्यांवर पडून आखडलेले. स्पर्श म्हणजे काय हे शिकवायला नस कुठून कुठे गेली हे दाखवणं पुरेसं होतं. पण तिने सुख आणि वेदना दोन्ही दाखवल्या. बघणाऱ्याचा स्वतःचा हात आपोआप आखडत असणार. एकदा तसं झालं की धडा कोण विसरेल?

इथे माझा एक अनुभव सांगायचा मोह होतो. आमच्या भागातल्या बचत गटांत आम्ही बायकांना आरोग्याची माहिती देतो. सुरुवातीला भिंतीवर तक्ता लावून, काठीने दाखवून सांगायचो. बायका मान हलवायच्या. मग एकदा विचारलं, गर्भाशय नक्की कुठे असतं हो? कुणी पोटाच्या वर हात ठेवला, कुणी कमरेवर, आणि तीन मुलांची आई असलेली एक मावशी लाजून पदर तोंडाला लावून बसली. मग आमच्यातल्या एकीने कापडाचा अ‍ॅप्रन शिवला. त्यावर कापडाचेच अवयव, चिकटणाऱ्या पट्टीने लावायचे-काढायचे. एका बाईने तो घालायचा आणि बाकीच्यांनी अवयव जागच्या जागी लावायचे. त्या दिवशी खोलीत असा काही गलका झाला! लाजणाऱ्या मावशीच पुढे होऊन, अगं इथे नाही, खाली लाव, असं सांगत होत्या. म्हणून अ‍ॅनाचे हात पाहिले तेव्हा ही बाई मला एकदम जवळची वाटली. तक्त्याने जे होत नाही ते हाताने होतं, हे तिला पावणेतीनशे वर्षांपूर्वी समजलं होतं.

बाळंतपणाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. जिओव्हानी अँटोनिओ गाल्ली हा बोलोन्यातला सर्जन. त्याने आपल्या घरी प्रसूतिशास्त्राची शाळा काढली होती. त्या शाळेत सर्जनबरोबर सुईणीही शिकायला येत. ज्या बायकांना अक्षरओळख नसेल त्यांना काय शिकवणार? गाल्लीने माती आणि मेण यांचे गर्भाशयाचे नमुने करवून घेतले. मूल सरळ असलेलं, आडवं असलेलं, पायाळू असलेलं, जुळी असलेली, सगळ्या तऱ्हा. त्यातले काही नमुने मॅन्झोलिनी दांपत्याच्या हातचे. शिवाय काचेचं गर्भाशय बसवलेलं एक यंत्र होतं, त्यात बाहुलीचं बाळ. शिकणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि नुसत्या हाताने चाचपून त्याने बाळ बाहेर काढायचं. काचेतून बाकीच्यांना दिसतंच आहे, हात कुठे चुकतो ते. सुईणीला अडाणी म्हणून हिणवणं सोपं असतं. तिच्या हाताला डोळे देणं हे खरं काम. गाल्लीचा हा संग्रह १७५७ च्या सुमारास पोपने विकत घेऊन विज्ञानसंस्थेला दिला.

त्याआधीच १७५५ मध्ये जिओव्हानी वारला. अ‍ॅना एक्केचाळीस वर्षांची. पदरात दोन मुलगे, घरात पैसा नाही. नवऱ्याच्या नावावर चाललेलं काम नवऱ्याबरोबर संपलं असंच सगळ्यांनी धरलं असणार. ती थांबली नाही. मदतीसाठी तिने थेट पोपपर्यंत गाऱ्हाणं नेलं. त्याच्या शब्दावरून बोलोन्याच्या सिनेटने तिला वर्षाला ३०० लिरांचं मानधन बांधून दिलं. अ‍ॅनाटॉमीच्या अध्यासनासाठी मेणाचे नमुने करायचे आणि त्यांवर शिकवायचं, असं ते काम. वर्ग घरीच. त्याच वर्षी तिथल्या कलावंतांच्या अकादमीने तिला सन्माननीय सदस्य करून घेतलं.

ऐकायला छान वाटतं. पण ३०० लिरांत घर चालत नव्हतं. लॉरा बासीचं मानधन तिच्याहून जास्त होतं, आणि पुरुष प्राध्यापकांचं तर विचारूच नका. थोरल्या मुलाला, जुझेप्पेला, तिला अनाथाश्रमात ठेवावं लागलं. ज्या बाईच्या घरी देशोदेशीचे पाहुणे नमुने बघायला येत होते, तिच्या स्वतःच्या मुलाची ही गत. नशिबाने पुढे एका श्रीमंत घराण्याने त्याला वारस म्हणून घेतलं. आईच्या मनाला तेव्हा काय वाटलं असेल ते ज्याचं त्याने ओळखावं.

या विधवापणाच्या वर्षांतच तिचं स्वतःचं मोठं काम झालं. डोळा फिरवणारा एक तिरका स्नायू आहे. तो अश्रूंच्या पिशवीशीही जोडलेला असतो, हे तिने स्वतः विच्छेदन करून दाखवलं. आधीच्या नामांकित लोकांच्या नजरेतून ते सुटलं होतं. पुरुषाच्या जननसंस्थेवरही तिने नमुन्यांची मोठी मालिका केली आणि वहीत सविस्तर लिहिलं. तेव्हाच काय, आजही एखाद्या बाईने हा विषय घेतला तर चार भुवया वर जातात. आमच्या बैठकांत पुरुषांच्या नसबंदीचा विषय काढला की अजूनही अर्ध्या बायका दाराकडे बघतात. अ‍ॅनाने तो जीभ किंवा कान जसा हाताळला तसाच हाताळला. शरीर आहे, त्याची रचना आहे, ती समजून घ्यायची. इतकंच.

तरी बोलणारे बोलतच होते. कुणी म्हणे हात चांगला आहे, पण डोकं नवऱ्याचं. कुणी म्हणे ही नुसती नक्कल करणारी. नवरा गेल्यावर वीसेक वर्षं एकटीने काम करूनही हे चालूच होतं. मला वाटतं, ते दोन पुतळे याचंच उत्तर असावेत. दोन म्हणते, कारण स्वतःच्या पुतळ्यासोबत तिने नवऱ्याचाही मेणाचा पुतळा घडवला. तोही शवविच्छेदन करतो आहे. पण त्याच्यापुढे आहे काळीज, आणि चेहरा काहीसा उदास. स्वतःपुढे ठेवला मेंदू. बाई म्हणजे भावना आणि पुरुष म्हणजे बुद्धी, ही जगाची वाटणी. तिने ती सरळ उलटी करून ठेवली, तीही न बोलता. नवऱ्याबद्दल त्यात राग दिसत नाही. त्याच्या चेहऱ्यावर तिने माया केली आहे. ज्याचं दुःख तिने रोज जवळून पाहिलं, त्याचं काळीज तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

याच शहरात १७७१ मध्ये झेक्किनी नावाच्या वैद्याने एक पुस्तक काढलं. बायकांचा विचार मेंदूने नव्हे तर गर्भाशयाने चालतो, अशा आशयाचं! त्यावर उलटसुलट पुस्तिकाही निघाल्या. अ‍ॅना तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती. शेकडो देह उघडलेली, मेंदू हातात घेतलेली ही बाई त्याच गावात राहत होती, आणि हा वैद्य बायकांच्या मेंदूबद्दल निकाल देत होता. तिने त्याला काही उत्तर दिल्याचं माझ्या वाचनात नाही. तिचा पुतळा मात्र होताच.

बाहेरून बोलावणी पुष्कळ आली. रशियाच्या कॅथरीन राणीने बोलावलं, मिलानहून विचारणा झाली. ती बोलोन्या सोडून गेली नाही. आपलं गाव, आपली भाषा, आपले विद्यार्थी. पवित्र रोमन सम्राट दुसरा जोसेफ १७६९ मध्ये मुद्दाम तिचं काम बघायला आला. पण पैशाची चणचण होती ती होतीच. मानधन वाढावं म्हणून अर्जविनंत्या करूनही परिस्थिती सुधारली नाही. कौतुक करायला सगळे पुढे आणि पगाराचं म्हटलं की मागे, हा अनुभव बायकांना नवा नाही. अंगणवाडीच्या कोणत्याही ताईला विचारा.

शेवटी १७६९ मध्येच तिने आपला सगळा संग्रह, हत्यारं आणि पुस्तकांसकट, सिनेटर काउंट जिरोलामो रानुझ्झी याला विकला आणि त्याच्या वाड्यातल्या काही खोल्यांत राहायला गेली. म्हणजे जन्मभर घडवलेल्या वस्तूंच्या शेजारी, पण त्यांची मालक म्हणून नव्हे. तिथेही बघायला येणारे येत राहिले. १७७४ च्या जुलैमध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, ती वारली. सान प्रोकोलो या चर्चमध्ये तिचं दफन झालं.

दोन वर्षांनी, १७७६ मध्ये, विज्ञानसंस्थेने तो संग्रह रानुझ्झीकडून विकत घेतला. तिच्या हयातीत घेतला असता तर काय बिघडलं असतं, असं मनात येतंच. आता अ‍ॅनाचे नमुने सगळ्या विद्यार्थ्यांसाठी खुले झाले. त्यांवर शिकवणारा तरुण प्राध्यापक होता लुइजी गॅल्व्हानी. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात बेडकाच्या पायाचा प्रयोग वाचलेला आठवतो ना, तोच हा गॅल्व्हानी. बेडकाचं ते सगळं नंतरचं. तेव्हा तो अ‍ॅनाटॉमी शिकवायचा आणि हातात अ‍ॅनाने केलेला डोळा, अ‍ॅनाने केलेला कान घेऊन शिकवायचा. १७७७ मध्ये त्याने या संग्रहावर एक खास भाषण केलं. नुसत्या पुस्तकापेक्षा आणि घाईत उघडलेल्या प्रेतापेक्षा या नमुन्यांवर विद्यार्थी किती चांगलं शिकतो, हे त्याने विद्वानांच्या सभेत मांडलं. भाषण अर्थातच लॅटिनमध्ये होतं, आणि त्याच्या शीर्षकात संग्रहाला नाव दिलं होतं ते मॅन्झोलिनी, म्हणजे नवऱ्याच्या आडनावाचं.